अवसेची भिंत

सासरी माजघराच्या मागच्या अंगाला एक भिंत होती. तिच्यावर खुंटी नव्हती, कोनाडा नव्हता, साधा खिळासुद्धा नव्हता. बाकीच्या सगळ्या भिंती भरलेल्या. कुठं दावं, कुठं इरलं, कुठं बियाण्याला ठेवलेली कणसं. नवी आले तेव्हा मी ओलं लुगडं वाळत घालायला तिथं दोरी बांधायला गेले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातातली दोरी काढून घेतली.

"ती भिंत ऱ्हाऊ दे पोरी. ती त्यांची हाय."

कुणाची, ते मी विचारलं नाही. मला विचारायची सवय नव्हती, बोलायचीच नव्हती. माहेरी भोरला आमच्या आळीत दोघा भावांनी वाटणी करताना चुलीच्या मधून रेघ ओढलेली मी पाहिली होती. तसाच इथं मुंबईला गिरणीत कुणी दीर असेल आणि ही भिंत त्याच्या वाट्याला आली असेल, असं मी धरून चालले. कितीतरी दिवस मी त्या न पाहिलेल्या दिराची वाट पाहत होते.

खरं काय ते भादव्याच्या अवसेला कळलं.

सर्वपित्रीचा स्वयंपाक सकाळीच झाला होता. कावळ्याला पान ठेवायच्या आधी आत्याबाई अंघोळ करून, ओल्या केसांनीच, त्या भिंतीसमोर पाटावर बसल्या. पुढ्यात एका वाटीत कालवलेली तांबडी काव, दुसरीत काजळ. पदर कपाळावरून ओढून पार हनुवटीखाली घेतला, म्हणजे डोळ्यांना काही दिसू नये. आम्ही मागं बसलो. हे, आणि माझ्या वन्सं. वन्सं तरुणपणीच कपाळ मोकळं होऊन माहेरी आल्या होत्या आणि त्यांची जीभ साऱ्या आळीला ठाऊक होती. त्याही त्या वेळी गप्प होत्या. मंत्र नाही, आरती नाही, ऊद नाही. बाहेर ऊन पडलं होतं आणि भातावरून वाऱ्याचा आवाज येत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग आत्याबाईंचा उजवा हात, आपल्या अंगाचा नसल्यासारखा, कावेच्या वाटीत गेला आणि भिंतीवर चालू लागला.

आत्याबाईंना दारातली साधी रांगोळी सरळ येत नसे. संक्रांतीच्या सुगडांवर ओढलेल्या त्यांच्या रेघा पाहून वन्सं हसायच्या, "आय, ह्ये सुगड हाय का भांडलेल्या मांजरीचं तोंड?" त्याच बाईंचं बोट आता कुठं न थांबता, न चाचपडता फिरत होतं. मोठं वेटोळं झालं. वेटोळ्यातून वाट निघाली. वाटेच्या टोकाला दोन शिंगं आली. एक पुरं, दुसरं अर्धं.

"आबा आलं," हे हळूच म्हणाले.

मी मामंजींना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लाडक्या बैलाचं एक शिंग मोडकं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की आपण इथून उठून जाऊ शकत नाही. त्यानंतर एक आडवी रेघ आली आणि तिच्याखाली बारीक बारीक उभ्या रेघा. ती फणी, ती थोरल्या चुलतसासूची. मग नुसते ठिपके, रांगेनं. ते कुणाचे, हे कुणालाच ओळखता आलं नाही. वन्सं म्हणाल्या, "कुणी लांबचं दिसतंय, ऱ्हाऊ दे." जसं काही पंगतीला न बोलावता आलेल्या माणसाबद्दल बोलावं.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे. त्याच्या आत ती भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची, आणि ते काम सुनेचं. आत्याबाईंनी माझ्या हातात पोतेरं दिलं. "सारवलं की ते गेले. तसंच ठिवलं तर घरातच ऱ्हात्यात. मग त्यांना गत न्हाई आन आपल्याला झोप न्हाई."

पहिल्या हातात भिंत गुलाबी झाली. दुसऱ्या हातात पांढरी. पण ओली होती तोवर आतून अर्धं शिंग दिसत राहिलं. पुढं पावसाळ्यात एका कोपऱ्यात पापुद्रा सुटला तेव्हा मी वाकून पाहिलं. पांढरा थर, गुलाबी थर, परत पांढरा, परत गुलाबी. किती वर्षांची माणसं तिथं एकावर एक निजली होती, कोण जाणे.

माझे वडील भोरला संस्थानात शिपाई होते, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. आई एका अंमलदाराच्या घरी दळायला जायची. तिच्याबरोबर गेले की मी खिडकीशी उभी राहायची. एकदा तिथं चष्मेवाली माणसं पाटावर वाटी पालथी घालून, तिच्यावर बोटं टेकून बसली होती. पाटावर खडूनं अक्षरं लिहिलेली. वाटी सरकायची आणि ते मेलेल्या माणसाला विचारायचे, बढती होईल का, धाकटा परीक्षेत पास होईल का. सासरच्या भिंतीसमोर बसलं की मला ती वाटी आठवायची. आमच्याकडं कुणी काही विचारत नसे. आलेल्यानं आपली खूण करायची, आपण ओळखायची, पान वाढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सारवायचं. एवढंच.

पण ते तोंड का काढत नाहीत, हे मला कळत नव्हतं. एकदा भाकरी थापताना आत्याबाई आपण होऊनच बोलल्या. "तोंड कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? आरशात बघायला सवड कुणाला व्हती? हाताला जे ठावं व्हतं त्येच येतं." मामंजींच्या हाताला बैलाचं शिंग ठाऊक होतं. चुलतसासूच्या हाताला फणी.

आत्याबाईंविषयी आणखी एक सांगायला हवं. नदीवरून पाणी आणताना त्या घागर कधी कडेवर घेत नसत. डोक्यावर एकावर एक दोन, आणि हात मोकळे. मी कडेवर घेतली की रागवायच्या. "कड लेकराची असती. पान्याची न्हाई."

मग मला मुलगी झाली. ती फाल्गुनात झाली. आषाढात भाताची लावणी आली, तेव्हा मी दिवसभर चिखलात वाकलेली असायची आणि ती आत्याबाईंच्या डाव्या कडेवर. एका हातानं त्या चुलीत लाकडं सारायच्या, पाखडायच्या, कोंबड्या हाकायच्या. मान चांगली धरली होती तिनं. मी घरी आले की ती माझ्याकडं पाहायची, आणि तोंड फिरवून आत्याबाईंच्या खांद्यावर ठेवायची. वन्सं म्हणायच्या, "वैनी, तुमाला कोन वळखतंय हितं? तुमी लावणीच करा." मी हसायची. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

श्रावणात तिला खोकला झाला आणि ती गेली.

दात यायच्या आत गेलेल्या लेकराला जाळत नाहीत. यांनी तिला पंच्यात गुंडाळून ओढ्यापलीकडं करंजाखाली नेलं. परत आले, पाय धुतले, बैलांना वैरण टाकली. दहावा नाही, तेरावा नाही. त्यानंतर तिचं नाव यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आत्याबाई त्यानंतर एका अंगाला झुकून चालायला लागल्या. डावी कड बाहेर काढून. लोक म्हणायचे, म्हातारीच्या कमरेत वारा धरला.

महिन्याभरात अवस आली. आत्याबाई पाटावर बसायच्या आत मी त्यांच्यापाशी गेले. सासरी आल्यापासून मी त्यांना आपण होऊन काही मागितलं असेल तर ते त्या दिवशी.

"तिला येऊ द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वाटीत काव कालवत राहिल्या. "दात न आलेलं लेकरू पितरांत नसतं पोरी. त्येला पान न्हाई, दिवस न्हाई."

"पण आली तर?"

"यील कशानं? तिच्या हाताला काय ठावं व्हतं?"

हे त्या वाईट म्हणून बोलल्या नाहीत. पण ते बोलणं माझ्यात जे रुतलं ते निघालं नाही. मी विचार करायची, तिच्या हाताला काय ठाऊक होतं? विळा नाही, फणी नाही, शेरडाचं दावं नाही. माझं काळे मणी असलेलं डोरलं ती कधी कधी धरायची, पण ते प्रत्येक बाईच्या गळ्यात असतं. ती आलीच आणि भिंतीवर उभी राहिली, तर मी तिला कशावरून ओळखू? मी तिची आई, आणि मला तिची खूण ठाऊक नव्हती.

त्यानंतर दर वर्षी सारवायच्या आधी मी भिंत वितीवितीनं पाहायची. खाली कोपऱ्यात, जिथं रांगतं पोर पोचेल तिथं, आधी. एखादा ठिपका दिसला की पोतेरं बाजूला ठेवायची. आत्याबाई दारातून म्हणायच्या, "बोट पुसलं असंल म्या." मग मी सारवायची. माझा हात तिच्यावरून तर फिरत नाही ना, या भीतीनं ते सारवणं मला दिवसभर पुरायचं. पुढं मला दोन मुलगे झाले, जगले, मोठे झाले. तरी अवसेच्या दुपारी घरात एक माणूस जास्त आहे आणि त्याला बसायला पाट नाही, असं मला वाटत राही.

एका वर्षी डोंगरावरच्या वाडीतून एक धनगरीण आली. तिचा नवरा शेरडामागं कड्यावर गेला होता, तो परत आला नव्हता. अंगही सापडलं नव्हतं. वर्ष उलटून गेलं होतं. पळसाच्या पानात लोण्याचा गोळा घेऊन ती दारात उभी राहिली.

"आये, माझा आला तर बघ."

"लोनी खाली ठिव," आत्याबाई म्हणाल्या. "म्या दुकान मांडलं न्हाई. आमच्या भिंतीवर आमचीच मानसं येत्यात. बाहेरचा येतो का न्हाई, मला ठावं न्हाई. बस."

आमची माणसं येऊन गेली. मग बराच वेळ हात मांडीवरच राहिला. धनगरीण पदराचं टोक चावत बसली होती. शेवटी हात उठला आणि भिंतीच्या अगदी कडेला एक लांबट पान काढलं. पानाच्या एका बाजूला दोन खाचा पाडल्या आणि थांबला.

वन्सं पुढं वाकल्या. "पान दिसतंय. किडकं पान."

धनगरीण उठली. भिंतीपाशी गेली आणि त्या खाचांवर, न टेकवता, बोट धरलं. "पान न्हवं बाई. कान हाय. आमच्या शेरडाचा कान. दोन खाचा, वरली धाकटी. त्योच पाडायचा, दुसऱ्या कुनाला जमत न्हवतं." आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग ते हसणं राहिलं नाही. "आला म्हनायचा. म्या उगं डोंगरानं हाका मारीत व्हते."

तिला पान वाढलं. जाताना तिनं लोणी तिथंच ठेवलं. वन्सं रात्री ते भाकरीला लावताना म्हणाल्या, "मेलेल्या मानसानं कान काढला आन जित्यांनी लोनी खाल्लं." कुणी हसलं नाही. मला त्या बाईचा हेवा वाटत होता. नवरा गेलेल्या बाईचा हेवा. तिला खूण होती.

लढाईच्या वर्षांत आत्याबाईंचा हात कापायला लागला. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या सासूनं त्यांना दिलं होतं, ते आता मला द्यायचं होतं. हे लेकीकडं जात नाही, सुनेकडं जातं. बाहेरून आलेल्या बाईच्या हातातच घरचे पितर येतात.

"शिकायचं कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "हात हलका झाला, पिसावानी, तर त्ये आलं समज. हात जड झाला तर तू हायेस. जड झाला की खाली घ्यायचा. आपलं मन भिंतीवर काढायचं न्हाई. त्ये खोटं हुतं."

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी कशाला भीत होते हे त्यांना ठाऊक असावं. मी पाटावर बसले तर माझा हात तिलाच मागणार, आणि मी काढलेली ती खोटी असणार. म्हणजे आता ती भिंतीवर कधीच येणार नाही. यायला वाटच राहणार नाही.

"अजून कडेला जड वाटतं मला," त्या एकदम म्हणाल्या. मग कूस बदलून भिंतीकडं तोंड करून निजल्या.

ज्येष्ठात त्या गेल्या. त्या वर्षी सुतक म्हणून भिंत कोरी राहिली. ती कोरी भिंत घेऊन वर्ष काढणं फार अवघड गेलं. कुणी तिच्याकडं पाठ करून बसेना आणि कुणी तोंडही करेना. जेवताना आम्ही सगळे जरा तिरके बसायचो.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या अवसेला मी पाटावर बसले. त्या वर्षी तांदूळ बराचसा सरकारच्या लेव्हीत गेला होता, गूळ मिळत नव्हता, खीर भांड्याच्या तळाला होती. मी पदर ओढला. आत अंधार आणि माझ्याच श्वासाचा वास. मी मनात म्हणत होते, तिला मागायचं नाही, तिला मागायचं नाही. म्हणजे मागतच होते.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग हात खरंच पिसासारखा झाला. मी उचलला नाही, तो उठला. वाट गेली, वळली, मला आतून कळलं की शिंग आलं. मागून हे म्हणाले, "आबा." मग बारीक रेघा आल्या. मग हात थांबला आणि परत उठला, आणि वरून खाली एक लांब रेघ यायला लागली. ती सरळ नव्हती. मधे एका अंगाला झुकली. त्या झुकलेल्या जागी आल्यावर हात जड झाला.

इतका जड, की खांद्यात कळ आली. खाली घ्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण खाली घ्यायच्या आधीच तो गोल फिरला, एकदाच, आणि मग आपोआप मांडीवर पडला.

मी पदर वर केला. भिंतीवर एक झुकलेली बाई उभी होती. तिला तोंड नव्हतं, हात नव्हते. डाव्या कडेवर एक गोल होता.

"आय," हे म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "आय हाय. पान्याला निघालीया. कडंवर घागर बघ."

मी काही बोलले नाही. मला बोलायचंच नव्हतं. मी बोलले असते तर ते माझं झालं असतं.

वन्सं मात्र भिंतीकडं बघत राहिल्या. नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलतील असं वाटलं. पण त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "आय घागर कडंवर कदी घेत न्हवती, दादा."

 बाहेर कावळा ओरडला. मुलं भूक लागली म्हणून दारात चुळबुळत होती. यांनी भिंतीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते त्यांनी उलटे केले आणि तळवे पाहिले. ज्या हातांनी त्यांनी तिला करंजाखाली नेलं होतं तेच ते.

"आनखी एक द्रोण आन," ते म्हणाले.

"आता कुनाला?" थोरल्यानं दारातून विचारलं.

"आन म्हनतो न्हवं. ल्हान आन."

मी चुलीपाशी गेले. द्रोण पुरते मोजून लावलेले होते. पळसाचं एक कोवळं पान उरलं होतं, त्याचा द्रोण केला. काडी नीट बसेना. तळातली खीर निपटून त्यात घातली, चमचाभर असेल. यांनी तो आईच्या द्रोणाशेजारी, भिंतीला लागून ठेवला. दात नसलेल्याला खीर चालते, असा वेडा विचार माझ्या मनात आला आणि मी तोंडावर पदर घेतला. वन्सं उठून मुलांना वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सारवलं. ठेवून द्यावं असं वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण राहिलेल्यांना गत नसते. शिंग पहिल्या हातात गेलं. फणी गेली. झुकलेली रेघही गेली. गोलाच्या जागी काव फार जाड बसली होती, तिथं परत परत हात द्यावा लागला. तरी वाळेपर्यंत ती जागा गुलाबी होती.

आत्याबाईंचं बोलणं खरं धरायचं, तर तो गोल मी काढला. हात जड झाला होता. पण कडेवर लेकरू घेतलेली बाई आली, तर तिचा हात हलका कसा असेल, हेही मी वर्षानुवर्षं घोकते आहे. दर अवसेला बसते तेव्हा आत्याबाई येतात, झुकून येतात. गोल कधी येतो, कधी येत नाही. नाही आला त्या रात्री मला झोप येत नाही. आला त्या रात्रीही येत नाही.

हे मला काही विचारत नाहीत आणि मीही सांगत नाही. गोल येवो न येवो, पान मांडताना ते जागा सोडतात. लहान द्रोणाला कोवळं पान लागतं, मोठ्या पानाची घडी तेवढी बारीक बसत नाही. ओढ्यापलीकडं पळस आहे, करंजाच्या जरा वर. आदल्या दिवशी मी तिथूनच पान तोडून आणते.